पंख्याचा ताबा कोणाकडे? संगणकाचा पंखा ड्रायव्हरच्या हाती कसा आला

समजा, तुम्ही बंगळूरला बनशंकरीत भाड्याच्या खोलीत राहता. लातूर, कोल्हापूर किंवा नागपूरहून शिकायला आला आहात. रात्री कनकपुरा रोडवरची रहदारी जरा कमी झाली की लॅपटॉप उघडता आणि एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला लावता. दोन मिनिटांत पंख्याची घरघर सुरू होते. काम संपते, घरघरही हळूहळू उतरते. या सगळ्यात तुम्ही पंख्याला हात लावलेला नसतो. मग त्याला वेग वाढवायला कोणी सांगितले आणि कमी करायला कोणी?

उत्तर द्यायला चार दावेदार पुढे येतात. पंख्याला वीज देणारी साधी तार, मदरबोर्डवरची देखरेख करणारी चिप, बायोससारखे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पंख्याचा ताबा या चौघांमध्ये फिरत राहिला आहे. या टिपणात आपण तो प्रवास पाहू. वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा: ज्याच्याकडे ताबा आहे तो मध्येच बंद पडला, तर पंख्याचे काय होते? या इतिहासातले बहुतेक चांगले निर्णय या प्रश्नातून आले आणि काही मोठ्या चुका तो न विचारल्यामुळे झाल्या.

१. पंखा येण्यापूर्वी

उष्णतेचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यरत झालेल्या टिफ्रॅक या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह चालतो तोच तापून, त्यामुळे त्या काळच्या यंत्रांत गारवा राखणे ही यंत्रापेक्षा खोलीची जबाबदारी असे. खोली थंड ठेवा, यंत्र आपोआप सांभाळले जाईल, असा हिशोब होता.

घरगुती संगणकात हा प्रश्न उशिरा आला. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. त्याला स्वतःचा पंखा नव्हता. पॉवर सप्लायमधला एक पंखा सगळ्या डब्याला पुरत असे. १९९० नंतर चित्र बदलले. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर धातूचे उष्णताशोषक, म्हणजे हीटसिंक, दिसू लागले आणि १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून प्रोसेसरवर पंखा असणे नेहमीचे झाले.

या पहिल्या पंख्यांना दोनच तारा असत, एक १२ व्होल्टची आणि दुसरी ग्राउंडची. संगणक चालू झाला की पंखा पूर्ण वेगाने फिरे, बंद केला की थांबे. आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे सोपे आहे: ताबा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे बंद पडणाराही कोणी नव्हता. दोष एवढाच की पंखा स्वतःच अडकून थांबला तर ते कोणाला कळत नसे.

२. तिसरी आणि चौथी तार

तिसरी तार आली ती पंख्याची खबर देण्यासाठी. पंखा एक फेरी पुरी करतो तेव्हा या तारेवर साधारणपणे दोन स्पंद येतात. ते मोजले की मिनिटाला किती फेऱ्या होतात ते कळते. तिसऱ्या तारेमुळे पंख्याचे ऐकता येऊ लागले, पण त्याला काही सांगायचे तर व्होल्टेज कमी-जास्त करण्यावाचून उपाय नव्हता. व्होल्टेज फार उतरवले की पंखा अडखळे आणि थांबे.

यावर तोडगा म्हणून चौथी तार आली. इंटेलने चार तारांच्या पंख्यांसाठी ठरवून दिलेले तपशील २००४-२००५ च्या सुमारास स्थिरावले. यात १२ व्होल्टचा पुरवठा कायम राहतो आणि चौथ्या तारेवरून साधारण २५ किलोहर्ट्झचा चालू-बंद होणारा संकेत जातो. संकेत जितका जास्त वेळ चालू, तितका पंख्याचा वेग जास्त. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन किंवा थोडक्यात पीडब्ल्यूएम म्हणतात. २५ किलोहर्ट्झ निवडण्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे: ही कंपने माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत.

वेग कमी करण्याचा फायदा आवाजापुरता नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर शक्ती साधारण एक-अष्टमांश लागते. लॅपटॉपच्या बॅटरीला आणि हजारो पंखे असलेल्या डेटा सेंटरच्या वीजबिलाला हा हिशोब सारखाच लागू पडतो.

३. ड्रायव्हर ऐकायला शिकतो

आता मदरबोर्डवर या. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम७८ ही चिप आणि तिच्या धर्तीवर बनलेल्या इतर कंपन्यांच्या चिप बोर्डांवर बसू लागल्या. व्होल्टेज, तापमान आणि तीन पंख्यांचे वेग मोजून आपल्या रजिस्टरांमध्ये लिहून ठेवणे हे एलएम७८ चे काम. पण रजिस्टरात पडलेला आकडा कोणीतरी वाचला पाहिजे आणि त्याचा अर्थ लावला पाहिजे. ते काम ड्रायव्हरचे.

लिनक्ससाठी हे काम १९९८ मध्ये एलएम-सेन्सर्स या प्रकल्पाने नेटाने हाती घेतले. फ्रोडो लुइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक हे त्याचे सुरुवातीचे प्रमुख लेखक. ड्रायव्हर म्हणजे नेमके काय करतो, हे समजण्यासाठी एलएम७८ चेच उदाहरण घेऊ. ही चिप पंख्याच्या फेऱ्या थेट मोजत नाही. पंख्याच्या स्पंदांच्या दरम्यान आपल्या आतल्या घड्याळाचे किती ठोके पडले ते ती मोजते. ड्रायव्हर त्यावरून वेग काढतो:

वेग (फेऱ्या प्रति मिनिट) = १३,५०,००० ÷ (मोजणी × भाजक)

मोजणीला जागा ८ बिटांची, म्हणजे आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. भाजक २ ठेवला असेल तर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांपेक्षा हळू फिरणारा पंखा या हिशोबात मावत नाही. मोजणी भरून वाहते आणि ड्रायव्हरला पंखा थांबल्यासारखा दिसतो. भाजक ८ केला की ही मर्यादा सुमारे ६६० फेऱ्यांपर्यंत खाली येते. आवाज कमी व्हावा म्हणून पंखा हळू करावा, तर पडद्यावर वेग शून्य दिसून धोक्याचा इशारा वाजावा, असे यामुळे होई. पंखा ठणठणीत असे, चुकीचा असे तो भाजक. मोजमापाचे यंत्र काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही हे न जाणता त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा इथे घ्या.

४. दार ठोठावल्याने झालेले नुकसान

पुढची घटना या इतिहासातली सर्वांत दुःखद आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

संगणकातल्या अनेक छोट्या चिप दोन तारांच्या एका सामाईक वाटेवर बसलेल्या असतात. तिला आय-स्क्वेअर्ड-सी किंवा तिच्या जवळच्या नातलगाला एसएमबस म्हणतात. प्रत्येक चिपला एक पत्ता असतो, पण दारावर नावाची पाटी नसते. एखाद्या पत्त्यावर तापमान मोजणारी चिप आहे की आणखी कोणती, हे नुसत्या पत्त्यावरून सांगता येत नाही. म्हणून एलएम-सेन्सर्सचा शोधक प्रोग्रॅम एकेका पत्त्यावर दार ठोठावून पाही. ठोठावण्याची नेहमीची रीत म्हणजे ‘क्विक राइट’: पत्ता पाठवायचा, लिहायचे आहे असा एक बिट पाठवायचा आणि काहीही न लिहिता निघून यायचे. यात कोणाचे काही बिघडणार नाही, असे सर्वांना वाटत होते.

आयबीएमच्या अनेक थिंकपॅडांमध्ये त्याच वाटेवर ॲटमेल कंपनीची २४आरएफ०८ ही स्मृतीची चिप बसवलेली होती. मशीन सुरू होताना लागणारी महत्त्वाची माहिती तिच्यात असे. या चिपच्या अंतर्गत रचनेत एक दोष होता. क्विक राइटने ती गोंधळे आणि तिच्यातला मजकूर बिघडे. त्या क्षणी वापरकर्त्याला काहीच कळत नसे. पुढच्या वेळी बटण दाबले की थिंकपॅड सुरूच होत नसे आणि साध्या वापरकर्त्याला ते घरच्या घरी दुरुस्त करता येत नसे. ज्यांनी फक्त आपल्या लॅपटॉपचे तापमान पाहायचे ठरवले होते, त्यांचे अख्खे मशीन गेले.

यात दोषी कोण? चिपमध्ये दोष होता, हे खरे. ती कुठे बसवली आहे ते उघड सांगितलेले नव्हते, हेही खरे. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी जबाबदारी टाळली नाही. आयबीएमचे मशीन आहे असे दिसले की संबंधित ड्रायव्हर चालू व्हायलाच नकार देईल, अशी तपासणी त्यांनी घातली. पुढे कर्नलमधली ठोठावण्याची रीतही बदलली. ज्या पत्त्यांच्या पट्ट्यांत स्मृतीच्या चिप असण्याची शक्यता आहे, तिथे क्विक राइट न करता एक बाइट वाचून पाहायची, हा नियम झाला. त्याचे कारण सांगणारी टीप आजही कर्नलच्या कोडमध्ये २४आरएफ०८ च्या नावानिशी लिहिलेली आहे. कधी सवड झाली तर ती शोधून वाचा. इतिहास संग्रहालयात असतो तसा कोडमधल्या टिपणीतही असतो.

५. लॅपटॉपमधला आणखी एक मालक

डेस्कटॉपमध्ये निदान पंखा कोणत्या चिपला जोडला आहे ते पाहता येई. लॅपटॉपमध्ये तेही अवघड झाले. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय ही प्रमाणरचना मांडली. तिच्यात तापमानाच्या पायऱ्या ठरवता येतात. एका पायरीवर पंखा लावायचा, दुसऱ्या पायरीवर प्रोसेसर मंद करायचा आणि अखेरच्या पायरीवर मशीन बंद करायचे. तक्ता निर्मात्याने लिहायचा, अंमल ऑपरेटिंग सिस्टिमने करायचा, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक लॅपटॉपांत पंखा एम्बेडेड कंट्रोलर या वेगळ्या छोट्या प्रोसेसरच्या ताब्यात राहिला आणि त्याचा तक्ता बाहेर दिसेनासा झाला.

मग वापरकर्त्यांनीच मार्ग काढले. डेल इन्स्पिरॉन ८००० या लॅपटॉपसाठी मासिमो दाल झोत्तो यांनी आय८के हा ड्रायव्हर लिहिला आणि २००१ मध्ये तो लिनक्समध्ये आला. हा ड्रायव्हर बायोसलाच विनंती करी आणि पंखा बंद, मंद किंवा जलद असा ठेवी. ती विनंती पुरी होईपर्यंत प्रोसेसरचे बाकीचे काम थांबून राही, त्यामुळे काही मॉडेलांवर नुसता वेग विचारला तरी मशीन क्षणभर अडखळे. विंडोजच्या बाजूला आल्फ्रेडो मिलानी कंपारेत्ती यांच्या स्पीडफॅन या प्रोग्रॅमने असेच काम केले.

थिंकपॅडसाठी बोरिस्लाव देयानोव यांचा आयबीएम-एसीपीआय हा ड्रायव्हर २००४ मध्ये आला. पुढे हेन्रिक द मोराइस होल्शू यांनी तो सांभाळला आणि थिंकपॅड-एसीपीआय या नावाने वाढवला. त्यात पंख्याला ० ते ७ अशा पायऱ्या देता येतात किंवा ‘ऑटो’ म्हणून ताबा परत फर्मवेअरकडे सोपवता येतो. दोन गोष्टी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पंखा हाताळण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. वापरणाऱ्याने जाणूनबुजून ती चालू करावी लागते. दुसरी म्हणजे ‘वॉचडॉग’ची तरतूद. तुम्ही १ ते १२० सेकंदांमधली एक मुदत ठरवता. त्या मुदतीत तुमच्या प्रोग्रॅमकडून पंख्याला नवी आज्ञा आली नाही, तर ड्रायव्हर समजतो की प्रोग्रॅम मेला आणि पंख्याचा ताबा फर्मवेअरला परत देतो.

सुरुवातीचा प्रश्न आठवा. ताबा असलेला मध्येच बंद पडला तर? वॉचडॉग हे त्याचे सरळ, लेखी उत्तर आहे.

६. हे सारे बंगळूरपर्यंत कसे आले

आज तुम्ही बनशंकरीत बसून पाच मिनिटांत लिनक्स उतरवून घेता. १९९६ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ते उतरवणे बहुतेकांना शक्यच नव्हते. त्या वर्षापासून पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली आणि हजारो भारतीय वाचकांचा लिनक्सशी पहिला परिचय त्या चकतीतून झाला. या उपक्रमामागे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा मोठा वाटा होता. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावचे आणि कर्मभूमी बंगळूर, असा त्यांचा प्रवास. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू केली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखली गेली आणि २०१२ पर्यंत भरत राहिली.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. हार्डवेअरचा ड्रायव्हर लिहायला त्या हार्डवेअरसमोर बसलेला माणूस लागतो. ज्या लॅपटॉपचा पंखा लिनक्समध्ये नीट चालत नाही, तो लॅपटॉप ज्याच्याकडे आहे तोच ती चूक पाहू शकतो, आकडे नोंदवू शकतो आणि दुरुस्ती तपासू शकतो. भारतात लिनक्स वापरणारे पुष्कळ आहेत, लिहिणारे का कमी, हा प्रश्न या परिषदेत आयोजकांनी वारंवार विचारला आणि पुढच्या वर्षांत भाषणांपेक्षा प्रत्यक्ष कोड लिहिण्यावर भर दिला.

७. पंखा एक फाइल होतो

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलची २.६ ही आवृत्ती आली. तिच्यातल्या सिसएफएस या व्यवस्थेत हार्डवेअरची प्रत्येक गोष्ट एका छोट्या फाइलसारखी दिसते. २००५ मध्ये तापमान आणि पंख्यांच्या ड्रायव्हरांना ‘एचडब्ल्यूमॉन’ हा स्वतःचा वर्ग मिळाला. चिप कोणत्याही कंपनीची असो, फाइलींची नावे आणि एकके सारखीच ठेवायची, हा त्याचा मोठा लाभ. त्यातल्या तीन फाइली ओळखून ठेवा:

• फॅन१-इनपुट: पहिल्या पंख्याचा वेग, फेऱ्या प्रति मिनिट.
• पीडब्ल्यूएम१: पंख्याला दिलेली आज्ञा, ० ते २५५.
• पीडब्ल्यूएम१-एनेबल: ताबा कोणाकडे ते सांगणारी फाइल. ० म्हणजे नियंत्रण नाही, पंखा पूर्ण वेगाने. १ म्हणजे ताबा तुमच्याकडे. २ किंवा जास्त म्हणजे चिप स्वतः सांभाळेल.

आपल्या टिपणाच्या शीर्षकातला प्रश्न इथे अक्षरशः एका अंकात लिहिलेला आहे. शून्याचा अर्थही नीट पाहा. कोणीच नियंत्रण करत नसेल तर पंखा पूर्ण वेगाने फिरावा. आवाज झाला तरी चालेल, यंत्र जळता कामा नये.

या फाइलींवर काम करणारा फॅनकंट्रोल हा छोटा प्रोग्रॅम एलएम-सेन्सर्ससोबत मिळतो. ठरावीक सेकंदांनी तो तापमान वाचतो आणि आज्ञा लिहितो. समजा, तुम्ही किमान तापमान ४०, कमाल तापमान ७०, पंखा थांबू नये इतकी किमान आज्ञा १०० आणि कमाल आज्ञा २५५ ठरवली. तापमान ५५ असेल तर ते ४० आणि ७० यांच्या बरोबर मध्ये आहे. म्हणून आज्ञा = १०० + (१५५ चा अर्धा) = १७७. थांबलेला पंखा सुरू करायला मात्र चालत्या पंख्यापेक्षा जास्त जोर लागतो, बैलगाडी हलवताना पहिला धक्का मोठा द्यावा लागतो तसा. म्हणून सुरू करण्याची आज्ञा आणि चालू ठेवण्याची आज्ञा या प्रोग्रॅममध्ये वेगवेगळ्या भराव्या लागतात.

फॅनकंट्रोल नीट बंद केला तर तो निघताना पूर्वीची स्थिती परत लिहितो आणि ते जमले नाही तर पंखा पूर्ण वेगावर सोडतो. पण सिस्टिमने त्याला सक्तीने मारले तर ही निरवानिरव करायला त्याला वेळच मिळत नाही. पंखा शेवटच्या आज्ञेवर राहतो. खोलीत शांतता असते आणि आत तापमान चढत असते.

अशा वेळी शेवटचा पहारेकरी प्रोसेसरमध्येच असावा लागतो. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेण्याचा प्रयोग चित्रित केला. पेंटियम ४ ने आपला वेग उतरवला आणि तो तगला. एएमडीचा ॲथलॉन मात्र काही सेकंदांत जळाला. आजच्या प्रोसेसरांत आधी मंद होण्याची आणि तरीही भागले नाही तर वीज तोडण्याची सोय असते. ड्रायव्हरशी प्रयोग करण्याचे धाडस आपण करू शकतो ते या सोयीच्या भरवशावर. म्हणून तिला वळसा घालण्याच्या युक्त्यांपासून दूर राहा.

८. कारखान्यातला तक्ता आणि आपली हवा

आता तुमच्या खोलीत परत येऊ. फर्मवेअरमधला तापमानाचा तक्ता कारखान्यात एकदाच भरला जातो. लॅपटॉप नागपूरला जाणार की बनशंकरीला, हे त्याला ठाऊक नसते. ढोबळ हिशोब असा:

चिपचे तापमान = खोलीचे तापमान + (शक्ती × उष्णतारोध)

प्रोसेसर ३५ वॅट वापरतो आणि त्या पंख्याच्या वेगाला उष्णतारोध दर वॅटला १.२ अंश आहे असे धरा. म्हणजे चिप खोलीपेक्षा ४२ अंश जास्त तापेल. बनशंकरीत खोली २८ अंशांवर असेल तर चिप ७० अंशांवर राहील. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद असताना खोली ४४ अंशांवर असेल तर तीच चिप तेच काम करताना ८६ अंशांवर जाईल. काम, लॅपटॉप, माणूस सगळे तेच. बदलले ते गाव.

बंगळूरची हवा थंड आहे म्हणून सगळा फायदाच, असेही नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या तुलनेत साधारण ८ ते ९ टक्के कमी असते. पंखा एका फेरीत तेवढेच आकारमान ढकलतो, पण त्यात हवेचे वस्तुमान कमी असते. त्यामुळे तेवढीच उष्णता वाहून न्यायला मुंबईपेक्षा इथे पंख्याला थोडे जास्त फिरावे लागते. उंचीनुसार सर्व्हरची कमाल तापमानाची मर्यादा कमी धरण्याची पद्धत याच कारणाने आहे.

तक्ता बंद पेटीत असेल तर हे गणित तुम्हाला समजूनही उपयोग नसतो. ड्रायव्हर उघडा असेल तर नागपूरचा विद्यार्थी पंखा ४० अंशांऐवजी आधीच लावू शकतो आणि बनशंकरीतला विद्यार्थी रात्री अभ्यासाला शांतता मिळवू शकतो.

९. पंखाच नको म्हणणारे आणि पंख्याच्या पलीकडे गेलेले

काही अभियंत्यांनी प्रश्न मुळातच सोडवून टाकला. बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून घडवलेला सिम्प्युटर २००१ मध्ये पुढे आला. हातात मावणाऱ्या या यंत्रात लिनक्स होते आणि प्रोसेसर इतका काटकसरी की पंख्याची गरजच नव्हती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या गावच्या लहानशा मराठी शाळेत ‘एका मुलास एक लॅपटॉप’ योजनेचे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांतही पंखा नव्हता आणि फिरणारी डिस्कही नव्हती. धूळ, पावसाळा आणि विजेचा तुटवडा असलेल्या ठिकाणी फिरणारा भाग म्हणजे पहिला बिघडणारा भाग, हा विचार त्यामागे होता.

दुसऱ्या टोकाला महासंगणक आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता थेट द्रवाच्या साहाय्याने काढून नेतात, कारण तेवढी उष्णता नुसत्या हवेने वाहून नेणे परवडत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या साध्या सर्व्हरांत पंख्यांचा ताबा बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर नावाच्या वेगळ्या छोट्या संगणकाकडे गेला. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडली तरी पंखे चालत राहावेत, हा हेतू. सुरुवातीला हे कंट्रोलर बंद पेटीसारखे होते. २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेल्या ओपनबीएमसी प्रकल्पाने त्यांच्यावरही लिनक्स चालवले. म्हणजे पंखा पुन्हा एचडब्ल्यूमॉनच्याच ड्रायव्हरकडे आला, फक्त दुसऱ्या, पहाऱ्यावर बसलेल्या संगणकातल्या.

समारोप

पंख्याला दोन तारा होत्या तेव्हा ताबा कोणाकडेच नव्हता. मग चिप आली, फर्मवेअर आले, ड्रायव्हर आला. दर वेळी ताबा घेणाऱ्याला आपल्या अपयशाचीही सोय करावी लागली: शून्य म्हणजे पूर्ण वेग, मुदत संपली की परत फर्मवेअर, आयबीएमचे मशीन दिसले की माघार. तुम्ही स्वतः कधी पंख्याचा प्रोग्रॅम लिहिलात, तर तो चालतो कसा हे पाहण्याआधी तो मेल्यावर काय होते ते तपासा. ते तपासूनच तो रात्रभर चालू ठेवा.

स्वाध्याय

१. एलएम७८ मध्ये भाजक ४ ठेवला आणि मोजणी १५० आली. पंख्याचा वेग काढा. मोजणी २५४ पर्यंतच ग्राह्य धरल्यास या भाजकाने मोजता येणारा किमान वेग किती?

२. फॅनकंट्रोलच्या वरच्या उदाहरणात तापमान ४६ अंश असताना आज्ञा किती येईल? नागपूरच्या उन्हाळ्यासाठी तुम्ही कोणते आकडे बदलाल आणि का?

३. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एचडब्ल्यूमॉनच्या फाइली फक्त वाचा, काहीही लिहू नका. पीडब्ल्यूएम१-एनेबल ही फाइल दिसते का? दिसत असेल तर त्यातला अंक ताबा कोणाकडे आहे असे सांगतो?

४. थिंकपॅडच्या बिघाडात चिप बनवणारे, लॅपटॉप बनवणारे आणि ड्रायव्हर लिहिणारे यांची जबाबदारी तुम्ही कशी वाटून द्याल? दहा-बारा ओळींत लिहा.